दोन सेकंदांचा फरक

१

वही उघडली आणि तिच्यातून एक कोरं पान आपोआप गळून खाली पडलं.

आत्याबाईंनी वाकून ते उचललं. गुडघ्यातून कळ आली तशा जरा थांबल्या, मग खुर्चीत बसून त्यांनी वही उजेडात धरली. साधीच वही होती, दोऱ्याने शिवलेली. अशा वहीत एका कागदाची दोन पानं होतात, एक शिवणीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. एक फाडलं की दुसरं सुटं होतं. शाळेत ज्यांनी वहीची पानं फाडून होड्या केल्या, त्यांना हे सांगावं लागत नाही.

म्हणजे या वहीतलं एक पान कुणीतरी फाडलं होतं.

वही घड्याळाची होती. भूकंप-नोंदणी केंद्राची यंत्रं तीन ठिकाणी बसवली होती: टेकडीवर, धरणापाशी आणि एका शाळेमागच्या खोलीत. टेकडीचं आणि धरणाचं घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेई. शाळेमागच्या यंत्राची तार मात्र उंदरांनी कुरतडली होती आणि नवी येता येत नव्हती. म्हणून दर मंगळवारी केंद्राचे मिस्त्री तिथे जाऊन घड्याळ किती मागे पडलंय ते पाहत आणि या वहीत लिहीत; हिशेब करताना तेवढे सेकंद मिळवले जात. भूकंपाच्या कामात घड्याळ चुकलं, की सगळंच चुकतं.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारीच, सकाळी अकरा वीसला जमीन हादरली आणि दगडाच्या खाणीचा कडा कोसळला. तीन कामगार दगडांखाली गेले. संध्याकाळी केंद्राचं पत्रक निघालं: भूकंप, तीव्रता दोन पूर्णांक सात, जागा खाणीपासून बारा किलोमीटरवरच्या डोंगरातली जुनी भेग. खाणवाल्यांनी ते पत्रक छातीशी धरलं. भूकंप झाला, सैल कडा पडला, यात माणसाचा काय दोष?

चौकशी समितीला तज्ज्ञाची सही हवी होती. केंद्रातून निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या बाईंना त्यासाठीच बोलावलं होतं. त्यांची पुतणी तिथे नोकरीला लागल्यापासून सगळं केंद्रच त्यांना आत्याबाई म्हणे. समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले होते, "औपचारिकता आहे हो. एक नजर टाका आणि सही करा."

आत्याबाईंनी नोंदी पाहिल्या. घड्याळ एका आठवड्याला शून्य पूर्णांक तीन सेकंद मागे, दुसऱ्याला शून्य पूर्णांक सहा, तिसऱ्याला शून्य पूर्णांक नऊ. यंत्र असं इमानाने चुकतं. चौथा मंगळवार भूकंपाचा. त्या दिवशी एक पूर्णांक दोन हवे होते.

वहीत होतं: तीन पूर्णांक दोन. घड्याळ नव्याने लावले.

दोन सेकंद कुठून तरी उपटले होते. आणि पान फाडलं होतं ते नेमकं याच नोंदीच्या आधी.

२

केंद्राचे साहेब एकेकाळी आत्याबाईंचे विद्यार्थी. खुर्ची मोठी झाली तरी त्यांच्यासमोर बसताना ते अजूनही पाय सावरून बसत.

"बाई, वहीचं पान फाटलं म्हणून काय आभाळ फाटलं?" ते हसून म्हणाले. "शाई सांडली असेल."

"असेल. पत्रकातली तीव्रता कशी काढली?"

"नेहमीसारखी. तीन ठिकाणांची सरासरी."

"तीन आकडे कोणते ते दाखव."

साहेबांनी कागद काढायला जरा जास्तच वेळ लावला. टेकडीचा आकडा दोन पूर्णांक पाच, धरणाचा दोन पूर्णांक सहा, शाळेचा तीन पूर्णांक एक.

आत्याबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. लाट लांबून आली की रेघ बारीक उमटते, जवळून आली की मोठी. म्हणून यंत्रावरची रेघ किती उंच गेली ते मोजायचं आणि भूकंप किती लांब होता त्याचा हिशेब त्यात धरायचा. अंतर बरोबर असेल, तर तिन्ही यंत्रं थोड्याफार फरकाने एकच तीव्रता सांगतात.

"एकाच पोत्याचं वजन तीन काट्यांवर केलं," त्या म्हणाल्या. "दोन काटे जुळले. तिसऱ्यावर पोतं एकदम फुगलं. तुला नवल वाटलं नाही?"

"घाई होती. वरून सारखे फोन येत होते."

"खाणवाल्यांचेही?"

साहेबांचा चेहरा उतरला. "त्यांचा इंजिनिअर आला होता. चहा पिऊन गेला. बाई, तुम्ही माझ्यावर..."

"मी अजून कुणावरच संशय घेतलेला नाही," आत्याबाई उठल्या.

मागच्या अंगाला मिस्त्रींची कामाची खोली होती. यंत्रांची पोटं उघडून बसलेली, पण प्रत्येक स्क्रू आपापल्या वाटीत. तीस वर्षं हा माणूस केंद्राची घड्याळं सांभाळत होता. टेकडीवर आत्याबाईंचा पाय मोडला, तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन खाली आणणारे हेच. रेघा वाचायचं काम त्यांचं नव्हतं. "ती तुमची अक्षरं, ताई. आम्ही आपली दौत भरून ठेवणारे," असं ते म्हणत.

"पान? माझ्याच हातून फाटलं, ताई," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "पाणी सांडलं. तेच पुन्हा लिहिलं."

"आणि घड्याळ एकदम दोन सेकंद जादा मागे पडलं?"

"जुनं झालंय. माणसासारखंच. कधी अडखळेल, नेम नाही."

दारात त्यांची लेक डबा घेऊन उभी होती. सातवा महिना असावा. आत्याबाईंना पाहून तिचा चेहरा उजळला. "आत्याबाई! किती दिवसांनी! घरी या ना. आता इथेच आहोत आम्ही, बाबांकडे. हेसुद्धा..."

"डबा ठेव आणि जा," मिस्त्री म्हणाले.

लेक डबा ठेवून निघून गेली. मिस्त्री लेकीवर आवाज चढवतात, हे आत्याबाईंनी आज पहिल्यांदाच ऐकलं.

३

फाटकाबाहेर एक बाई वाट पाहत होती. तिशीची असेल. हातात केंद्राचं पत्रक, घड्या घालून घालून मऊ झालेलं.

"मॅडम, याच्यावर सही करणार त्या तुम्हीच का?" तिने विचारलं. "माझा नवरा खाणीत गेला. तिघांतला एक."

आत्याबाईंनी तिला आत नेलं, पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"भूकंप झाला म्हणतात. मोठा आवाज झाला, तो कडा पडल्याचा म्हणे. असेलही. आम्हाला काय कळतंय? पण सुरुंगाआधी भोंगा वाजतो, मॅडम. माणसं लांब जातात. त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही. आमचं घर खाणीच्या अलीकडेच आहे. मी ऐकला नाही, माझ्या शेजारणीने ऐकला नाही."

"सुरुंग लावणार होते त्या दिवशी?"

"भोकं दारूने भरून तयार होती. आदल्या दिवशीच हे म्हणाले होते. बुधवारी तपासणी यायची होती, तोवर सगळं उरकायचं म्हणे."

"सुरुंग लावणारा काय सांगतो?"

"तो कुठला सापडायला? कडा पडला त्याच दिवशी खोली सोडून गेला. सासऱ्याकडे राहतोय म्हणतात, पण सासरा कुठला ते कुणाला ठाऊक नाही. नवीनच होता. आधी गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा." तिने पत्रक उलगडलं. "मॅडम, भूकंप इथे झाला की तिथे, हे तुम्हाला इथे बसून कसं कळतं?"

प्रश्न साधा होता. तीन आठवड्यांत तो कुणीच विचारला नव्हता.

"असं समजा," आत्याबाई म्हणाल्या, "एका घरातून दोघे भाऊ एकाच वेळी निघाले. एक सायकलवर, एक चालत. तुमचं घर जवळ असेल, तर?"

"एकामागोमाग येतील."

"आणि लांब असेल तर?"

"सायकलवाला आधी येऊन बसेल. चालणाऱ्याची वाट पाहावी लागेल." तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे दोघांत किती वेळ गेला, त्यावरून घर किती लांब ते कळतं. घड्याळ चुकीचं असलं तरीसुद्धा."

आत्याबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

"बरोबर ना, मॅडम? घड्याळ पुढे असो की मागे, दोघांनाही तेच घड्याळ."

"अगदी बरोबर," आत्याबाई सावकाश म्हणाल्या. "जमिनीतूनही अशाच दोन लाटा येतात. इथल्या खडकात दर सेकंदाच्या फरकाला साधारण आठ किलोमीटर."

तिला निरोप देऊन त्या तडक नोंदींच्या खोलीत गेल्या. शाळेमागच्या यंत्राची मूळ रेघ पडद्यावर आणली. पहिली लाट आली. दुसरी आली. मधलं अंतर त्यांनी तीनदा मोजलं.

दोन सेकंद. म्हणजे सोळा किलोमीटर.

पत्रकातली जागा शाळेपासून अठ्ठावीस किलोमीटरवर होती. तिथून लाटा आल्या असत्या, तर साडेतीन सेकंदांचा फरक पडायला हवा होता. मग हिशेबात ही दुसरी लाट का धरली नाही? त्यांनी नोंदीची कुंडली काढली, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याची यादी. दुसरी लाट आधी खूण करून धरलेली होती. नंतर खूण पुसली होती. त्याच दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी.

पुसणाऱ्याचं नाव शेजारीच होतं. त्यांच्या पुतणीचं.

४

"हो, मीच पुसली," पुतणी म्हणाली.

ती उभीच होती. लहानपणी काचेचा ग्लास फोडून उभी राहायची तशी.

"का?"

"बसतच नव्हती गं, आत्या. पहिल्या लाटेच्या तीन वेळा घातल्या की जागा अगदी चोख येत होती. शाळेची दुसरी लाट घातली की सगळं बिघडायचं, दीड सेकंदाचा घोळ. साहेब म्हणाले, एक खूण चुकली असेल, काढ आणि पत्रक सोड. मी काढली."

"तीन वेळांत तीन गोष्टी शोधायच्या: नकाशावरचं उभं अंतर, आडवं अंतर आणि हादऱ्याचा क्षण. चौथा साक्षीदारच नाही. त्यातली एक वेळ खोटी असली तरी उत्तर चोखच येणार. हे मी तुला शिकवलं होतं."

"शिकवलं होतंस." तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं माझंच चुकलं. नवीन माणसाला असंच वाटतं. यंत्रावर नाही, स्वतःवर संशय येतो."

आत्याबाईंनी तिला कंपास आणि नकाशा आणायला लावलं. संगणक बाजूला ठेवला. तिन्ही यंत्रांवर दोन लाटांमधला फरक तेवढा घेतला. कोणत्या घड्याळात किती वाजले होते, ते पाहिलंच नाही. टेकडीवर पाच सेकंद, म्हणजे चाळीस किलोमीटर. धरणावर सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस. शाळेवर दोन, म्हणजे सोळा. पुतणीने एकेक वर्तुळ काढलं. तिसरं पुरं होताना तिचा हात थबकला.

तिन्ही वर्तुळं खाणीवर भेटत होती.

"आता शाळेची रेघ सोळा किलोमीटर धरून मोज."

पुतणीने आकडेमोड केली. "दोन पूर्णांक सहा." मग हळूच, "तिन्ही काटे जुळले."

"आणि पहिला हेलकावा कुठे गेलाय ते बघ. भेग सरकली तर जमीन एका अंगाला ढकलते, दुसऱ्या अंगाला ओढते. कुठे रेघ वर, कुठे खाली."

"टेकडी वर. धरण वर. शाळा वर." पुतणी खुर्चीत बसली. "सगळीकडे ढकललंय. आत्या, हा भूकंप नव्हेच."

"सुरुंग होता. आणि एवढी रेघ उमटली, म्हणजे टप्प्याटप्प्याने नाही, सगळी भोकं एकदम उडवली."

पुतणीने पेन्सिल खाली ठेवली.

"तुला वाटतंय ना मी केलं?" पुतणीने विचारलं.

"तासाभरापूर्वी वाटत होतं." आत्याबाईंनी कंपास मिटला. "पण विचार कर. ज्याने हे केलं त्याने घड्याळ दोन सेकंदांनी सरकवलं. त्यामुळे दोन्ही लाटा सारख्याच सरकल्या, मधला फरक जसाच्या तसा राहिला. तुला जागा हलवायची असती तर तू काय केलं असतंस?"

"दुसरी लाट वेगळी सरकवली असती. नाही तर मूळ रेघच गायब केली असती."

"साहेबांनीही तेच केलं असतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात म्हणतात. या चोराला वाट ठाऊकच नव्हती. त्याला घड्याळ कळत होतं. रेघ वाचता येत नव्हती."

बोलता बोलता त्या थांबल्या. सासऱ्याकडे राहणारा सुरुंगवाला. आधी गॅरेजात. "आता इथेच आहोत आम्ही, बाबांकडे. हेसुद्धा..."

मिस्त्रींचा जावई गॅरेजात होता. लग्नात आत्याबाईंच्या गाडीचा बिघडलेला हॉर्न त्याने कोट घालूनच दुरुस्त केला होता.

५

मिस्त्री खोलीतच होते. डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

आत्याबाईंनी नकाशा टेबलावर पसरला. तीन वर्तुळं पाहून मिस्त्रींनी काही विचारलं नाही. फक्त चष्मा काढून ठेवला.

"घड्याळ सरकवलं की जागा सरकते, एवढं ठाऊक होतं," ते म्हणाले. "तीस वर्षं तेच ऐकत आलो. ती जागा कागदावर अशीही परत मिळते, हे नव्हतं ठाऊक."

"पहिली नोंद एक पूर्णांक दोनच होती?"

"हो. शाळेत लिहून निघालो. फाटकाशी हा पोरगा उभा. अंगभर धूळ, दात वाजत होते. म्हणाला, बाबा, माणसं खालीच होती. मॅनेजर म्हणाला, खाली कुणी नाही, भोंगा नको, उद्या तपासणी आहे, सगळी एकदम उडव. याने दोनदा विचारलं, ताई. दोनदा. तिसऱ्यांदा मॅनेजर म्हणाला, तुला जमत नसेल तर दुसरा माणूस तयार आहे."

"मग?"

"मग याने बटण दाबलं." मिस्त्रींनी तळहात टेबलावर दाबून धरले. "लेकीला सातवा. हा तुरुंगात गेला तर ती कुणाच्या तोंडाकडे बघणार? परत आत गेलो. पान फाडलं. एकाचा तीन केला की झालं, असं वाटलं. दोन सेकंद, ताई. तेवढ्यात माणसाची पापणी एकदा हलते."

"त्या दोन सेकंदांत तीन माणसं परत एकदा गाडली गेली, मिस्त्री. त्यांच्यातल्या एकाची बायको सकाळी माझ्यासमोर बसली होती. नवरा कशाने गेला एवढंच तिला हवंय."

मिस्त्रींनी मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"एक मागू? तीस वर्षांत काही मागितलं नाही."

"वही मागू नका."

"वहीच मागत होतो."

या माणसाच्या पाठीवर बसून आत्याबाई टेकडी उतरल्या होत्या. त्यांनी वही पिशवीत घातली, हात पिशवीवरच ठेवला.

"मी लपवलं तर मॅनेजर सुटेल," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा भोकं भरेल, पुन्हा भोंगा वाजणार नाही. आणि तुमचा जावई जन्मभर धुळीतच उभा राहील. मी कागद परवा सकाळी देणार. त्याआधी त्याने स्वतः जाऊन सांगितलं, तर हुकूम कुणाचा होता तेही लिहिलं जाईल. नंतर सांगितलं, तर स्वतःला वाचवायला बोलतोय म्हणतील. निर्णय तुमच्या घरचा आहे."

"आणि तो नाही गेला तर?"

"तरी मी देणार."

६

समितीची बैठक दहाला होती. आत्याबाई साडेनऊलाच पोचल्या. व्हरांड्यात बाकावर मिस्त्री बसले होते, शेजारी जावई. जावयाने दाढी केली होती आणि हनुवटीवर कापलं होतं. त्याने आत्याबाईंकडे पाहिलं नाही.

सगळ्यात आधी तोच आत गेला. तासभराने बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना पोलीस होते. मग मिस्त्री गेले. पान आपणच फाडलं, कुणी सांगितलं नाही, पुतणीचा आणि साहेबांचा काही संबंध नाही, असं त्यांनी उभ्यानेच सांगितलं. मग आत्याबाईंनी नकाशा मांडला.

खाणीचा इंजिनिअर एकदाच मध्ये बोलला. "एका बाईंनी कंपासने काढलेल्या वर्तुळांवर तुम्ही विश्वास ठेवणार?"

"कंपास माझा आहे," आत्याबाई म्हणाल्या. "लाटा तुमच्या आहेत."

मॅनेजरला त्याच आठवड्यात पकडलं. जावयाला शिक्षा होईल, पण कमी, असं वकील म्हणत होते. मिस्त्रींची नोकरी गेली, खटला उभा राहिला. साहेबांना घाईबद्दल ताकीद मिळाली. ते आत्याबाईंना दारापर्यंत सोडायला आले. सुधारित पत्रक पुतणीने लिहिलं. जागा: दगडाची खाण. खोली: शून्य. प्रकार: स्फोट. तीव्रता: दोन पूर्णांक सहा. खाली तिने आणखी एक ओळ घातली होती: आधीच्या पत्रकातील चूक माझी. साहेबांनी ती काढायला सांगितली. तिने काढली नाही.

पत्रक घेऊन आत्याबाई खाणीजवळच्या घरी गेल्या. त्या बाईने ते उभ्यानेच वाचलं, दोनदा. "स्फोट" या शब्दावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं," ती म्हणाली. "भोंगा वाजला नव्हता." एवढं बोलून ती दारातच खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

परतताना आत्याबाई मिस्त्रींच्या घरावरून गेल्या. जावं की नाही, कोपऱ्यावर बराच वेळ उभ्या राहून ठरवलं. दार लेकीने उघडलं. आतून मिस्त्रींच्या खोकल्याचा आवाज आला, ते बाहेर आले नाहीत.

लेकीने त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग पोटावर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आत्याबाई, हे काल भेटले तेव्हा म्हणाले, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा झोप लागली," ती म्हणाली. "तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. मला कळतं ते."

आत्याबाईंनी मान हलवली.

"बाळ झालं की मी कळवीन," लेक म्हणाली. "पण तोवर येऊ नका. तुम्हाला बघितलं की बाबा जेवत नाहीत."

आत्याबाईंनी पाणी संपवलं, पेला तिच्या हातात दिला आणि उठल्या.